कॅसेटमधले आजोबा

माझ्या धाकट्या भावाला आमच्या इमारतीत सगळे ठिपक्या म्हणतात. खरं नाव फक्त बँकेत लागतं. चाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, तरी ठिपक्या तो ठिपक्याच. आडवे सोळा आणि उभे सोळा ठिपके त्याला द्या, त्यातून तो माणूस उभा करेल, कुत्रा करेल, घाबरलेला कुत्रा वेगळा आणि चिडलेला वेगळा करेल. बाकी शून्य. दुधाकडे लक्ष ठेव म्हटलं तर दूध उतू जाताना किती छान फुगतं ते बघत बसेल, पण गॅस बंद करणार नाही. मी त्याची थोरली बहीण. त्याचं कौतुक करून माझी जीभ झिजली, आता जे आहे ते सांगते.

आमच्या लहानपणी हातात धरून खेळायचे ते गेम होते ना, विटेसारखे जड, हिरवट काचेचे, मागून एक चपटी कॅसेट खुपसायची? ते बनायचे बंद होऊनही जमाना झाला. तर हा माणूस त्या मेलेल्या यंत्रांसाठी आजच्या घडीला नवे गेम बनवतो. विकत कोण घेणार? कोणी नाही. कंपन्या ते फुकट वाटतात, आपली जाहिरात म्हणून. जगात काही हौशी लोक आहेत, ज्यांनी ती यंत्रं अजून जपून ठेवलीत. त्यांना नवी कॅसेट मिळाली की आभाळ ठेंगणं होतं. ते फोटो काढतात, व्हिडिओ करतात, मग पेपरात येतं आणि कंपनीचं नाव आपसूक सगळीकडे होतं. टूथपेस्टवाल्यांसाठी त्याने दातांचा गेम केला, विमावाल्यांसाठी छत्रीचा. ‘मढ्याला दागिने घालतोस,’ असं मी म्हणायचे. तो हसायचा.

एका गोष्टीचा मात्र त्याला भारी अभिमान. म्हणायचा, ‘ताई, मोबाइलवर गेम करणारे आळशी असतात. चूक झाली की दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवतात. आमच्यात कॅसेट छापली की छापली. चूक झाली तर ती जन्माची.’ असा छाती काढून सांगायचा, जशी काही चूक नावाची बाई त्याच्या दारावरून कधी गेलीच नाही.

आता बाबांचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाबा विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचे. सगळी नोकरी पायी. दारात पोचायच्या आधी लोक पावलांवरून ओळखायचे आणि मीटरसमोरची सायकल बाजूला करून ठेवायचे. आई गेल्यावर आणि नोकरी संपल्यावरही त्यांचं चालणं सुटलं नाही. आणि अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं थोडं जड झालं, पण डावी बाजू लुळी पडली. मग हळूहळू उभे राहायला लागले. चाल मात्र पार बदलली. डावा हात छातीशी दुमडलेला, डावा पाय फरशीवर घासत यायचा, आणि दर पावलाला मान एक बारीक हिसका घ्यायची, बसमध्ये ब्रेक लागल्यावर बसतो तसा.

फिजिओबाई आमच्याकडे यायच्या. बाई तोंडाने फटकळ, पण हाताला गुण. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘काका, चाललात तर चालाल. बसलात तर पाय आखडेल, मग मला बोलावू नका.’ घराबाहेर आमच्या मजल्यावर लांब पॅसेज आहे, एका टोकाला जिना आणि दुसऱ्या टोकाला खिडकी. तिथे रोज सकाळी चालायचं, सोबत कोणीतरी हवं, असं ठरलं. चाकांची खुर्ची आणली होती, ती बाबांनी कोपऱ्यात लावून तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांची चळत ठेवायला लावली. पण चालायलाही त्यांना लाज वाटायची. शेजाऱ्यांच्या दाराची कडी वाजली की थांबायचे आणि भिंतीला टेकून उभे राहायचे, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे. मी पडद्यांच्या दुकानात शिवणकामाला जाते, सकाळी घाई असते, मी मागे लागायचे आणि ते अर्ध्यातून परतायचे. ‘आज पाय जड आहे’, ‘आज गार आहे’, रोज नवं निमित्त.

त्याच सुमारास ठिपक्याकडे गुडघेदुखीच्या बामवाल्यांचं काम आलं. त्यांच्या साहेबाचं डोकं बघा. म्हणे, ज्यांनी लहानपणी हे गेम खेळले, त्यांचे आता गुडघे दुखायला लागलेत, तेव्हा तेच आमचं गिऱ्हाईक. यात खोटं काय, सांगा. गेम असा की एक आजोबा लंगडत घरून निघतात, वाटेत खड्डे, पायऱ्या, कुत्री. बामच्या डब्या गोळा करत जायचं, डबी मिळाली की चाल सुधारते आणि शेवटी आजोबा धावतात. धावणारा माणूस ठिपक्याकडे तयार होता. अडलं ते लंगडण्याशी. त्याच्या त्या यंत्रात चार चित्रांत चालणं बसवावं लागतं, पाचव्याला जागा नाही. याने काढलेला पहिला म्हातारा लंगड्या बेडकासारखा दिसायचा, दुसरा दारू प्यायल्यासारखा. साहेबाने दोन्ही परत पाठवले. म्हणाला, ‘हसू आलं पाहिजे, पण आपल्यातला वाटला पाहिजे.’ ठिपक्याची भूक उडाली. काम हातचं जायची वेळ आली होती.

आणि मग एके दिवशी सकाळी तो खुर्ची घेऊन पॅसेजमध्ये जाऊन बसला. मांडीवर चौकटीचा कागद, कानावर पेन्सिल. ‘मी थांबतो बाबांबरोबर,’ म्हणाला. मी चाटच पडले. झटका आल्यापासून जो बाबांच्या खोलीत दाराशी उभा राहून ‘बरं आहे ना?’ एवढंच विचारून पळायचा, तो आज आपणहून थांबतो म्हणतोय. म्हटलं, सूर्य पश्चिमेला उगवला.

दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्या दिवशीही. बाबांनी विचारलं, ‘काम नाही का तुला?’

‘इथेच करतो. इथे उजेड चांगला आहे,’ तो म्हणाला.

बाबांची कळीच खुलली. दार उघडायचा अवकाश, बाबा आधीच चप्पल घालून तयार. ठिपक्या त्यांना सांगायचा, ‘बाबा, जरा सावकाश. डावा पाय कसा येतो ते बघू दे.’ ते सावकाश यायचे. तो म्हणायचा, ‘आणखी एकदा या ना.’ ते पुन्हा खिडकीपर्यंत जाऊन यायचे. आधी अर्धा पॅसेज, मग पूर्ण, मग येऊन-जाऊन दोनदा. शेजारची कडी वाजली तरी आता थांबत नव्हते. उलट शेजारणीला थांबवून म्हणायचे, ‘मुलगा माझ्यापाशी बसतो हल्ली.’ फिजिओबाईंनाही तेच सांगितलं. बाई मला म्हणाल्या, ‘माझ्या व्यायामाने जे झालं नाही ते तुझ्या भावाने केलं. याला मोजमाप नसतं.’ मीही दुकानात सगळ्यांना सांगितलं, आमचा ठिपक्या सुधारला. बाबा जिना उतरून कोपऱ्यावरच्या पेपरच्या टपरीपर्यंत जायला लागले. ठिपक्या तेव्हा सोबत नसायचा. त्याचा कागद भरला होता, तो आत टेबलाशी परत गेला होता. बाबा म्हणाले, ‘असू दे, त्याचं काम आहे. बसला तेवढं पुष्कळ झालं.’

कॅसेट छापून झाली. बामवाल्यांनी एका मोठ्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये समारंभ ठेवला आणि ठिपक्याने आम्हा दोघांना बोलावलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढला, मी बटणं लावून दिली. आम्ही मुद्दाम लवकर गेलो, म्हणजे गर्दी व्हायच्या आत बाबा जागेवर बसतील. पहिल्या रांगेत बसलो. हॉल भरला. चाळिशीतले, पन्नाशीतले बाप्ये, हातात आपापली जुनी यंत्रं, तोंडं मात्र शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी.

दिवे मंदावले आणि भिंतीएवढ्या पडद्यावर आजोबा आले. एक पाऊल टाकलं, दुसरा पाय घासत आणला. हात छातीशी. मान हिसकली. दर पावलाला यंत्रातून घस्स-टक, घस्स-टक असा आवाज. हॉल हसला. अहो, सगळा हॉल खदखदून हसला. मी बाबांकडे बघितलं.

बाबाही हसत होते.

चार-पाच पावलं ते सगळ्यांबरोबर हसले. मग त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे थांबले. उजव्या हाताने त्यांनी छातीशी दुमडलेला डावा हात धरला आणि खाली मांडीवर आणून ठेवला. तो परत वर गेला. त्यांनी परत खाली आणला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

साहेब माइक घेऊन उभा. ‘या चालीवर आम्ही सगळे फिदा आहोत,’ म्हणाला, आणि ठिपक्याला पुढे ओढून विचारलं, ‘ही सुचली कशी?’

‘बघून बघून,’ ठिपक्या खुशीत म्हणाला. म्हणताना त्याची नजर पहिल्या रांगेकडे आली. तेव्हा, फक्त तेव्हा, त्याच्या डोक्यात उजेड पडला. तोंड उघडं ते उघडंच. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तोपर्यंत त्याच्या मनात हे आलंच नव्हतं. त्याला दिसला होता घासत येणारा पाय, कोपरापाशी दुमडलेला हात, किती ठिपके मान हलते ते. बाप दिसलाच नव्हता. दुसरा कोणी असता तर मी म्हटलं असतं, मुद्दाम केलं. याने मुद्दाम केलं नाही, हेच जास्त वाईट.

साहेबाला कोणीतरी सांगितलं की वडील आलेत. तो हात पसरून म्हणाला, ‘या काका, वर या, मुलाबरोबर एक फोटो होऊन जाऊ दे.’ स्टेजला दोनच पायऱ्या होत्या. बाबा त्याहून जास्त रोज चढत होते.

‘मला चालता येत नाही,’ बाबा म्हणाले.

टाळ्या झाल्या, लोक पांगायला लागले, मी म्हटलं, ‘निघू या?’ तर म्हणाले, ‘लोकांना जाऊ दे.’ लोक गेले. खुर्च्या उचलणारी माणसं आली. तरी उठेनात. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘इथे चाकांची खुर्ची मिळते का बघ.’ खाली दुकानाच्या दारापाशी म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी एक ठेवलेली होती. मी ती लिफ्टने वर आणली. ठिपक्या ढकलायला पुढे आला, तर बाबा म्हणाले, ‘तू नको.’

घरचा जिना बाबा माझ्या आधाराने चढले, तेच शेवटचं. घरी आल्यावर कोपऱ्यातल्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उतरली. बाबा पॅसेजमध्ये जाईनात. खुर्ची ते पलंग आणि पलंग ते खुर्ची. टपरीवाल्याने पेपर वर पाठवायला सुरुवात केली. मी ठिपक्याला स्वयंपाकघरात घेऊन दार लावलं आणि त्याची बिनपाण्याने केली. पहिल्यांदा त्याने मान ताठ ठेवायचा प्रयत्न केला. ‘लोक गेममधल्या आजोबांना हसले, बाबांना नाही,’ म्हणाला.

‘मग बाबांना जाऊन तसं सांग,’ मी म्हटलं. ‘आहे तोंड?’

गेला बिचारा. पलंगाशी उभा राहून म्हणाला, ‘बाबा, ती चाल तशी कोणाचीच नाही. अशीच काढली.’

बाबा म्हणाले, ‘उभा जन्म मीटर बघण्यात गेला माझा. फिरवलेला मीटर मला दारातून कळतो.’

ठिपक्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग हळू आवाजात म्हणाला, ‘तुमचीच आहे.’

‘माहीत आहे,’ बाबा म्हणाले. ‘मला वाटलं होतं, तू माझ्यापाशी बसतोस.’

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. ठिपक्या बाहेर आला तो सरळ बामवाल्यांकडे गेला. म्हणाला, चाल बदलतो, कॅसेटी परत मागवा. साहेब हसायला लागला. कॅसेटी हौशी लोकांकडे पोचल्या होत्या, लोक त्या चालीचे व्हिडिओ करत होते, लग्नाच्या हॉलमध्ये माणसं तसं चालून दाखवत होती. साहेबाला दुसरा भाग हवा होता, त्यात आजोबांबरोबर आजी. ठिपक्याने नको म्हटलं. पण नको म्हणून काय होतं? छापली की छापली. त्यानंतर तो घरात चोरासारखा वावरायला लागला. बाबांच्या दारावरून जाताना पावलं न वाजवता जायचा. जेवायला आमच्यानंतर बसायचा. आरशासमोर दाढी करायचं टाळायचा. शेजारीण एकदा जिन्यात म्हणाली, ‘बाबांजवळ बसतोस हो तू, पुण्य लागेल,’ तर हा अख्खा मजला खाली उतरला आणि भाजी न घेताच परत आला.

फिजिओबाई बाबांवर वैतागल्या. गुडघा वाकवून बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘आखडायला लागलाय. हा महिना असाच गेला तर हा माणूस परत उभा राहायचा नाही. तुझ्या भावाला बसव की बाहेर, त्याचं ऐकतात ना.’ मी काय सांगणार? कोणत्या तोंडाने सांगणार?

कोंडी फुटली ती एका सुट्टीच्या दिवशी. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेले होते. आमच्या बाथरूमचं दार अरुंद, चाकांची खुर्ची आत जात नाही, तिथून पुढची चार पावलं मी बाबांना धरून न्यायची. मी नव्हते आणि बाबांना घाई झाली. मी कपड्यांचा ढीग घेऊन दारात आले तर काय, ठिपक्या बाबांच्या खुर्चीपुढे पाठ करून उभा. तोंड बाथरूमच्या दाराकडे.

‘खांदा धरा,’ तो सांगत होता. ‘मी पुढे चालतो. मागे बघणार नाही.’

बाबा हलले नाहीत. मग गरज सगळ्यांनाच शहाणं करते म्हणतात तसं, त्यांचा उजवा हात वर आला आणि त्याच्या खांद्यावर पडला. दोघं निघाले. पाय घासल्याचा तोच आवाज घरभर झाला. ठिपक्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं तरी त्याने उघडले नाहीत.

मी फिजिओबाईंना विचारलं, असं चालेल का? बाई म्हणाल्या, ‘खांदा धरून चालोत नाहीतर शेपूट धरून, मला पाय हललेला हवा.’ दुसऱ्या दिवसापासून सकाळी पॅसेजमध्ये वरात निघायला लागली. पुढे ठिपक्या, मागे त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाबा. बोलणं नाही. कडी वाजली की बाबा थांबायचे, मग तोही थांबायचा, मान न वळवता. जिन्याशी पोचल्यावर वळायची वेळ यायची, तेव्हा तो डोळे मिटून बाबांभोवती फिरून पुढे जायचा. बघणाऱ्याला हसू यायचं. शेजारीण हसलीही. मला मात्र ते बघवायचं नाही. चाळिशीचा माणूस आपल्या बापाला बघायला घाबरतो, हे बघणं सोपं नसतं.

बाबांचा पाय मात्र सुटत गेला. हात खांद्यावर असायचा, पण भार कमी झाला. एकदा मी म्हटलं, ‘बाबा, आता सोडून बघा.’ त्यांनी ऐकलं नाही. मला वाटतं, त्यांना तो खांदा हवा होता, पण हे मी आपलं माझ्या मनाने सांगते.

परवा सकाळी मी डबा भरत होते. दार उघडं होतं. दोघं खिडकीपर्यंत गेले, जिन्याकडे परत निघाले आणि मध्यावर बाबांनी हात काढून घेतला. ठिपक्या चार पावलं पुढे गेला आणि खांदा हलका लागला म्हणून थांबला.

‘वळ,’ बाबा म्हणाले.

तो वळला नाही.

‘अरे, मी सांगतोय ना. वळ आणि बघ.’

तो वळला, पण नजर फरशीवर. बाबा निघाले. एकटे. हात छातीशी, पाय घासत, मानेला हिसका, सगळं तसंच होतं, जे त्या कॅसेटमध्ये आहे तेच. शेजारणीच्या दाराची कडी वाजली, ती बाहेर आली, बाबा थांबले नाहीत. तिच्यासमोरून, माझ्यासमोरून चालत ते थेट त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. मी डबा तसाच हातात घेऊन दारात उभी. माझे डोळे भरून आले, आणि त्या गाढवाची मान काही वर होईना.

बाबांनी चांगला हात त्याच्या हनुवटीखाली घातला आणि त्याचं तोंड वर केलं, लहान मुलाचं करतात तसं. ठिपक्याने डोळे मिटून घेतले. गालावरून पाणी ओघळत होतं, पण पापण्या उघडत नव्हत्या. बाबा थांबले. वाट बघितली. मग हनुवटी सोडली आणि माझ्याकडे वळले.

‘याला आत ने,’ ते म्हणाले. ‘मी येतो माझा.’